बाकं काढलेलं चर्च

न्यूयॉर्कला नाइन्थ अ‍ॅव्हेन्यू आणि २८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘होली अपॉसल्स’ हे एपिस्कोपल चर्च आहे. १९७७ साली इथेच एलेन बॅरेट या समलिंगी बाईंना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा केवढा गहजब झाला! १९८२ पासून कामाच्या दिवशी दुपारी इथे फुकट गरम जेवण मिळतं. १९९० साली आग लागली. दुरुस्तीनंतर मंडळींनी बाकं परत बसवलीच नाहीत. रविवारी जिथे प्रार्थना, तिथेच सोमवारी जेवणाची टेबलं लागू लागली. अन्नछत्रं आपल्याकडेही आहेत हो, पण ऐन गाभाऱ्यासमोर बेघरांची पंगत मी तरी पाहिलेली नाही. २०२० च्या साथीत आत बसणं थांबलं, तेव्हा जेवण बांधून दाराशी देत राहिले.