रानपक्ष्यांच्या नोंदी व शेतकरी

नांगरामागून चालणारे बगळे, तारेवर बसून किडे टिपणारा कोतवाल आणि विहिरीवरील बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची असतात. परंतु यांपैकी कोणता पक्षी पूर्वीपेक्षा कमी झाला व कोणता वाढला, असे विचारल्यास नेमके उत्तर सहसा मिळत नाही. रोज दिसणारी गोष्ट हळूहळू घटत गेली तर ती ध्यानात येत नाही. म्हणून देशातील रानपक्ष्यांच्या स्थितीची लेखी नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

गिधाडांचा धडा

अशा नोंदीचा उपयोग किती मोठा असतो, हे गिधाडांच्या बाबतीत दिसून आले. 1991 ते 1993 या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशातील रस्त्यांवरून शिकारी पक्ष्यांची गणना केली होती. 2000 साली त्याच मार्गांवर पुन्हा गणना झाली, तेव्हा गिधाडांची घट उघडकीस आली. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे 99.9 टक्क्यांनी घटली. पहिली गणना झालीच नसती, तर दुसरीची तुलना कशाशी करावयाची?

घटीचे कारण 2004 साली सिद्ध झाले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारत सरकारने 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडांना निर्धोक असलेले मेलॉक्सिकॅम हे औषध पर्याय म्हणून उपलब्ध आहे. मात्र गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही. दरम्यान गावाबाहेर टाकलेली मृत जनावरे कुजत पडू लागली आणि त्यांवर भटक्या कुत्र्यांचे पोषण होऊ लागले.

स्थिती कशी ठरवितात?

एखाद्या जातीची स्थिती ठरविताना तीन गोष्टी पाहतात : दीर्घ काळात तिची संख्या कशी बदलली, अलीकडे ती दरवर्षी कशी बदलत आहे आणि तिचा आढळ किती प्रदेशात आहे. देशातील प्रत्येक पक्षी मोजणे शक्य नसते. यास्तव निरीक्षकांच्या शंभर याद्यांपैकी किती याद्यांत ती जात आढळते, हे प्रमाण काढून त्याची वर्षावर्षांची तुलना करतात.

या रीतीने 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात भारतातील 942 जातींचा विचार करण्यात आला. त्यासाठी सुमारे 30,000 पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी उपयोगी पडल्या. 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला. त्यांपैकी 204 घटल्या, 98 स्थिर राहिल्या व 36 वाढल्या. शेताच्या तारेवर बसणारा नीलपंख घटणाऱ्यांत आहे, तर मोर वाढणाऱ्यांत आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

1. शेतातील एकच जागा ठरवून तेथे ठराविक वेळी किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करावे.
2. तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे नाव व संख्या वहीत लिहावी.
3. केवळ दुर्मिळ पक्षी न लिहिता कावळा, चिमणी, साळुंकी यांसह ओळखू आलेले सर्व पक्षी लिहावेत. यादी पूर्ण असेल तरच न दिसलेल्या पक्ष्याविषयीही काही अनुमान काढता येते.
4. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव लिहू नये. वर्णन लिहून ठेवावे.
5. शाळेत जाणाऱ्या मुलांची मदत घ्यावी व वही दरवर्षी पुढे चालू ठेवावी.

ज्यांच्याजवळ मोबाईल आहे, त्यांना ई-बर्ड या व्यवस्थेत आपली यादी विनामूल्य नोंदविता येते. अशी नोंद देशाच्या हिशेबात जमा होते. पेरणीच्या व उत्पन्नाच्या नोंदीबरोबर वहीचे एक पान पक्ष्यांसाठी राखून ठेवल्यास पुढील पिढीला तुलनेसाठी भक्कम आधार मिळेल.