घरच्या सापाला ‘सर्दी’ झाली तर : घरी काय करावे, काय करू नये

नागपंचमीला पाटावर गंधाचा नाग काढून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरात आता खराखुरा साप नांदू लागला आहे, हे वाचून काहींना हसू येईल, तर काहींच्या अंगावर काटा येईल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथले साप पकडून घरात ठेवता येत नाहीत. इथे नियम वेगळे आहेत. एटोबिको १९९८ पासून टोरोंटो शहरात सामील झाले, त्यामुळे आपल्याला टोरोंटोचे नियम लागू होतात. विषारी साप आणि पूर्ण वाढ झाल्यावर तीन मीटरहून लांब होणारे साप पाळण्यास शहरात बंदी आहे. बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणि कॉर्न स्नेक हे दोन्ही साप त्या मर्यादेत बसतात. मुले हट्ट धरतात, आणि एक दिवस काचेची टाकी घरात येते.

आमच्या घरीही गेली सहा वर्षे एक बॉल पायथन आहे. त्यामुळे ओळखीच्या घरांतून हिवाळ्यात एक प्रश्न हमखास येतो : “सापाला सर्दी झाली आहे, नाकाशी फेस दिसतो. भारतातून आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल घरात आहेत, अर्धी देऊ का?” मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पशुवैद्य नव्हे. तरी या प्रश्नाचे उत्तर मी ठामपणे ‘नाही’ असे देतो. ते का, आणि त्याऐवजी काय करावे, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

सर्दी नव्हे, फुप्फुसाचा आजार

माणसाची सर्दी बहुधा काही दिवसांत आपोआप जाते. सापाचे तसे नसते. सापाला आपल्यासारखा छाती व पोट यांमधला पडदा नसतो, आणि त्याला जोरात खोकून कफ बाहेर काढता येत नाही. बहुतेक सापांचे डावे फुप्फुस अगदी लहान असते किंवा नसतेच. अजगरांना दोन्ही असतात, पण उजवे मोठे. शिवाय सापाचा पू पातळ नसून घट्ट, चीजसारखा असतो. म्हणजे फुप्फुसात साचलेली घाण तिथेच राहते आणि हळूहळू न्यूमोनिया होतो. बाहेरून साप शांत पडलेला दिसतो, म्हणून घरच्यांना आजाराची तीव्रता लक्षात येत नाही.

यामागे बहुधा स्यूडोमोनास, एरोमोनास यांसारखे जंतू असतात. कधी बुरशी, कधी परजीवी, तर कधी विषाणू. बॉल पायथनमध्ये श्वसनाचा गंभीर आजार करणाऱ्या निडोव्हायरसची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यावर आजही औषध नाही. बाहेरून पाहता ही सगळी दुखणी सारखीच दिसतात, हे महत्त्वाचे.

लक्षणे कोणती?

१. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे.
२. श्वासाबरोबर शिट्टी, घरघर किंवा ‘क्लिक’ असा आवाज.
३. नाकाशी किंवा ओठांवर बुडबुडे, चिकट लाळ. काचेवर चिकट डाग.
४. मान व डोके वर उचलून तसेच धरून ठेवणे. श्वास घेणे सोपे जावे म्हणून साप असे करतो.
५. भूक न लागणे, सुस्ती, वजन घटणे.

कात टाकण्याच्या दिवसांत नाकपुडीशी जुनी कातडी अडकून थोडी शिट्टी वाजू शकते. दुसरे कोणतेही लक्षण नसेल आणि कात पडल्यावर आवाज थांबला, तर काळजी नको. परंतु उघडे तोंड, बुडबुडे किंवा वर धरलेले डोके यांपैकी एक जरी दिसले तरी थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

मूळ कारण बहुधा टाकीतच असते

माणसाला संसर्ग झाला की शरीर आपोआप ताप चढवते. सापाच्या शरीरात अशी भट्टी नाही. त्याची पचनशक्ती, प्रतिकारशक्ती, औषध अंगी लागण्याची क्रिया, सगळे बाहेरच्या उबेवर चालते. टाकी पाच अंशांनी थंड झाली तर सापाची प्रतिकारशक्ती मंदावते, आणि एरवी निरुपद्रवी असणारे जंतू डोके वर काढतात.

आपल्याकडच्या हिवाळ्याचा दुसरा त्रास कोरड्या हवेचा. बाहेरची उणे १० अंशांची हवा पूर्ण दमट असली, तरी तीच घरात २२ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम ११ टक्के उरते. आंघोळ, स्वयंपाक, माणसांचा श्वास यांमुळे ती थोडी वाढते, इतकेच. बॉल पायथनला साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता लागते. कोरड्या हवेने श्वासनलिकेचे आतले अस्तर सुकते आणि जंतूंना वाट मिळते. याच्या उलट, भुसा ओलाचिंब आणि हवा कोंडलेली असली तरीही जंतूंचे फावते. दमट हवा हवी, पण ती खेळती हवी.

याखेरीज घाणेरडी टाकी, वारंवार हाताळणी, नवा साप आणून लगेच जुन्याशेजारी ठेवणे, आणि अंगावरचे बारीक काळे माइट (हे पाण्याच्या भांड्यात व डोळ्यांभोवती दिसतात) हीही कारणे आहेत.

घरी काय करावे

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत आणि उपचार चालू असतानाही पुढील गोष्टी घरच्यांनीच करायच्या आहेत. घरगुती उपचार म्हणायचे ते एवढेच, पण औषधाइतकेच महत्त्वाचे.

उष्णता : बॉल पायथनच्या टाकीची उबदार बाजू ३१ ते ३३ आणि थंड बाजू २५ ते २७ अंश सेल्सियस असावी. कॉर्न स्नेकला उबदार बाजू २९-३० अंश पुरते. आजारपणात रात्रीही तापमान उतरू देऊ नये. काचेवर चिकटवायच्या गोल मापकावर भरवसा ठेवू नका. तारेच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि साप जिथे बसतो तिथे, जमिनीलगत तापमान मोजा. हीट मॅट किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय लावू नये, कारण पोट भाजेपर्यंत साप तिथून हलेलच असे नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमचा थर्मोस्टॅट रात्रीतून बंद पडला. सापापाशी बुडबुडे दिसले ते चार दिवसांनी. तेव्हापासून किमान व कमाल तापमान लक्षात ठेवणारा दुसरा, वेगळा थर्मामीटर टाकीत असतो आणि सकाळी चहाच्या वेळी मी दोन्ही आकडे वहीत टिपतो.

आर्द्रता : पाण्याचे मोठे भांडे उबदार बाजूकडे सरकवा, जाळीचा काही भाग झाका, लपायच्या डब्यात ओलसर शेवाळ ठेवा. भुसा वरून कोरडा राहिला पाहिजे.

स्वच्छता : आजारपणात भुसा काढून साधे पेपर टॉवेल अंथरा. ते रोज बदलता येतात आणि लाळेचे डाग लगेच दिसतात.

विश्रांती : हाताळणी बंद. खाणेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. भरल्या पोटाने फुप्फुसावर दाब येतो आणि साप भक्ष्य उलटून टाकू शकतो. निरोगी, मोठा बॉल पायथन काही आठवडे सहज उपाशी राहतो. पिल्लाचे मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा. ताजे पाणी कायम हवे.

नोंद : आठवड्यातून एकदा वजन. त्यासाठी वेगळा काटा घ्यावा, स्वयंपाकघरातला नको.

वेगळे ठेवणे : घरात दुसरा साप असेल तर आजारी साप वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करा.

घरी काय करू नये

पहिली गोष्ट, माणसांची प्रतिजैविके देऊ नयेत. स्यूडोमोनाससारख्या जंतूंवर अमॉक्सिसिलिन चालत नाही. जे औषध चालते त्याची मात्रा ग्रॅममधल्या वजनावर ठरते, आणि सापाचे शरीर औषध इतके सावकाश बाहेर टाकते की सेफ्टाझिडिमसारखे इंजेक्शन तीन दिवसांतून एकदाच देतात. काही औषधे मूत्रपिंडाला अपाय करतात, काहींनी इंजेक्शनच्या जागी मांस सडते. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट पक्के होतात, आणि पुढे डॉक्टरांकडचे औषधही लागू पडत नाही. कॅनडात १ डिसेंबर २०१८ पासून जनावरांसाठीची महत्त्वाची प्रतिजैविके पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, ती याच कारणाने.

दुसरी गोष्ट, तोंडात काहीही ओतू नये; पाणी नको, काढा नको, हळदीचे दूध तर नकोच. सापाच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेजवळ, तोंडाच्या अगदी पुढच्या भागात असते. ओतलेले द्रव सरळ फुप्फुसात जाऊ शकते. नागपंचमीला गारुडी ज्या नागांना दूध पाजत, ते नाग आधी तहानलेले ठेवलेले असत. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो, पोटात गेले तर पचत नाही.

तिसरी गोष्ट, व्हिक्स, निलगिरी तेल, कापूर, ओव्याची धुरी यांपैकी काहीही टाकीजवळ नेऊ नका. आपल्याला मोकळे वाटते, पण कापूर व तीव्र तेले सापाच्या नाजूक श्वसनमार्गाला जाळतात. टाकी देवघराजवळ किंवा फोडणीचा धूर येईल अशा जागी असेल तर ती हलवावी. गरम पाण्याचा वाफाराही देऊ नये, साप भाजतो.

डॉक्टरांकडे काय होते

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर साप पाहत नाहीत. म्हणून साप निरोगी असतानाच चार ठिकाणी फोन करून विचारून ठेवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या यादीतून जवळचे डॉक्टर सापडू शकतात. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी ग्वेल्फचे ऑन्टॅरियो व्हेटर्नरी कॉलेज आहे. ही संस्था १८६२ मध्ये टोरोंटोतच सुरू झाली आणि १९२२ मध्ये ग्वेल्फला गेली. तिच्या रुग्णालयात पक्षी व इतर निराळ्या पाळीव प्राण्यांसाठी वेगळा विभाग आहे.

डॉक्टर तोंड तपासतात, गरज पडल्यास एक्स-रे काढतात, आणि श्वासनलिकेतला नमुना घेऊन कोणता जंतू आहे व कोणते औषध त्यावर चालते ते पाहतात. इंजेक्शने कित्येक आठवडे चालू शकतात. ती कशी द्यायची हे डॉक्टर शिकवतात, मग ती घरी देता येतात. ती शरीराच्या पुढच्या भागात द्यायची असतात, कारण मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते. चार दिवसांत बुडबुडे थांबले म्हणून औषध बंद करू नका.

नेताना साप उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा बांधून, थर्माकोलच्या किंवा कूलरच्या खोक्यात ठेवा. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी शेजारी ठेवा आणि गाडी आधी तापवून घ्या. तापमानाची वहीही बरोबर न्या.

खर्चाचे काय?

ओहिप जनावरांना लागू नाही, हे उघडच आहे. तपासणी, एक्स-रे, प्रयोगशाळा आणि औषधे मिळून आमचे बिल काही शे डॉलरांच्या घरात गेले. त्यामुळे सुरुवातीलाच लेखी अंदाज मागा आणि कोणती चाचणी आज हवी, कोणती थांबू शकते हे मोकळेपणाने विचारा. चांगले डॉक्टर त्यात कमीपणा मानत नाहीत. पाळीव प्राण्यांचा विमा बहुतांशी कुत्र्या-मांजरांसाठीच असतो. सापाला लागू आहे का, हे विचारल्याशिवाय हप्ता भरू नका. कर भरताना वैद्यकीय खर्चात सापाचे बिल दाखवता येत नाही; ती सवलत अपंग व्यक्तींना मदत करणाऱ्या, खास शिकवलेल्या प्राण्यांपुरती आहे. सोपा मार्ग म्हणजे वेगळ्या बचत खात्यात दरमहा थोडी रक्कम टाकणे. बॉल पायथन २० ते ३० वर्षे जगतो. मूल कॉलेजात जाईल, साप आपल्याकडेच राहील. हा हिशेब साप आणण्यापूर्वी करावा. त्या मानाने चांगला थर्मोस्टॅट आणि दोन थर्मामीटर यांचा खर्च किरकोळ आहे, आणि मोठे बिल टाळायला तोच सर्वांत उपयोगी पडतो.

वीज गेली तर

डिसेंबर २०१३ मधल्या बर्फाच्या वादळात टोरोंटो हायड्रोच्या सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली होती, काहींची कित्येक दिवस. अशा वेळी साप लहान खोक्यात ठेवून, खोके ब्लँकेटने गुंडाळून, कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलात लपेटून शेजारी ठेवाव्यात. हवेसाठी फट ठेवा. बार्बेक्यू, शेगडी किंवा जनरेटर घरात चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात.

घरातल्या माणसांचेही पाहा

निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. पाळीव साप आणि त्यांना घालायचे उंदीर यांच्यापासून झालेल्या साल्मोनेलाच्या साथीबद्दल कॅनडाच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०२४ मध्ये इशारा दिला होता. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि भारतातून काही महिन्यांसाठी येणारे आजी-आजोबा यांना धोका जास्त. सापाला किंवा टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत आणि गोठवलेले उंदीर जेवणाच्या फ्रीझरमध्ये ठेवू नयेत. आजारी सापाची लाळ पुसताना हातमोजे घाला.

थोडक्यात, टाकीची ऊब, दमटपणा, स्वच्छता आणि रोजची नोंद हे आपले काम, आणि निदान व औषध हे डॉक्टरांचे. ज्यांच्या घरी साप आहे त्यांनी आज रात्री झोपण्यापूर्वी टाकीच्या दोन्ही बाजूंचे तापमान मोजावे, आणि साप पाहणाऱ्या डॉक्टरांचा फोन नंबर एका कागदावर लिहून टाकीच्या काचेला चिकटवावा.