सरकारी खुर्च्या (भाग ६) : महाधिवक्ता

भालकीकडच्या शेतकऱ्याची जमीन तलावात गेली आणि मोबदला अपुरा वाटला, की बिदरच्या कोर्टात त्याच्यासमोर जिल्हा सरकारी वकील उभे राहतात. त्यांची ओळख मागच्या भागात झाली. अपील झालं की प्रकरण उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठात जातं. पुकारा होतो आणि काळा गाऊन घातलेलं कुणीतरी उठून 'राज्यातर्फे नोटीस स्वीकारतो' म्हणतं. वकिलांच्या बोलीत हे 'एचसीजीपी', म्हणजे हायकोर्टातले सरकारी प्लीडर. त्यांच्या वर अतिरिक्त महाधिवक्ता, आणि सगळ्यांच्या वर बंगळुरूचे महाधिवक्ता, ज्यांना कोर्टाच्या आवारात नुसतं 'एजी' म्हणतात.

हे पद थेट राज्यघटनेतलं, अनुच्छेद १६५ मधलं. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेल्या माणसाला राज्यपाल नेमतात. मुदत मात्र ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेतोवर खुर्ची, आणि ती मर्जी कुणाच्या सल्ल्याने चालते हे सांगायला नको! अनुच्छेद १७७ प्रमाणे महाधिवक्त्यांना विधिमंडळात बोलता येतं, मत देता येत नाही. एखाद्या नागरिकाला फौजदारी स्वरूपाच्या अवमानाची तक्रार उच्च न्यायालयात न्यायची असेल, तर आधी यांची लेखी संमती लागते. म्हणजे पक्षकार सरकार असलं तरी काही निर्णय या माणसाने स्वतःच्या बुद्धीने घ्यायचे असतात.

खुर्ची किती टिकेल, हे माणसावर आणि वाऱ्यावर अवलंबून. एच. एम. सीरवाई १९५७ पासून १९७४ पर्यंत आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. श्रीहरी अणे मात्र काही महिन्यांतच पायउतार झाले. विदर्भाच्या जोडीला मराठवाडाही वेगळा व्हावा, असं ते मार्च २०१६ मध्ये जालन्यात बोलले. विधिमंडळात गदारोळ उठला आणि त्यांनी राजीनामा दिला.

सीमाभागाची अडचण वेगळीच होती: अंतराची. निजामाच्या राजवटीत बिदर-गुलबर्ग्याची अपिलं हैदराबादला जात, मुसी नदीकाठच्या हायकोर्टात. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले आणि बिदरकराचं हायकोर्ट एकदम सुमारे सातशे किलोमीटरवर गेलं. तारीख पडली तरी प्रवासखर्च ठरलेलाच. जुलै २००८ मध्ये गुलबर्ग्याला फिरतं खंडपीठ आलं, २०१३ मध्ये ते कायम झालं, आणि सरकारी वकिलांचा ताफाही इथेच बसू लागला. वकिलांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी तेव्हा पुरी झाली.

याच भागातली गावं आणखी एका दाव्यात आहेत. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. ८६५ गावांवर हक्क सांगितला. त्यात बेळगाव-कारवारबरोबर बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतलीही गावं आहेत. असल्या दाव्यात दोन्ही राज्यांच्या महाधिवक्त्यांची कार्यालयं समोरासमोर येतात, पण लढाई मोठी असली की बाहेरून ज्येष्ठ वकील आणतात. २०२२ मध्ये कर्नाटकने मुकुल रोहतगींची फळी उभी केली. तीत राज्याचे माजी महाधिवक्ता उदय होळ्ळाही होते. अनुच्छेद १३१ खालच्या या दाव्यात पक्षकार फक्त राज्यं आणि केंद्र. ज्यांच्या गावांवरून वाद आहे त्या ग्रामस्थांना त्यात पक्षकार म्हणून जागा नाही.