बोलपटांतील शब्द, स्वर आणि स्तब्धता

आपण चित्रपट ‘पाहावयास’ जातों असें म्हणतों. परंतु तेथें कानांनाहि डोळ्यांइतकेंच काम असतें. नको तें दृश्य आलें तर डोळे मिटून घेतां येतात. कानांना तशी सोय नाहीं. म्हणून ध्वनीची आपल्या मनावरील सत्ता कशी चालते, याचा थोडा विचार करूं.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ झळकला आणि हिंदी चित्रपटाला वाचा फुटली. त्यांत सात गाणीं होतीं. पुढच्याच वर्षीं आलेल्या ‘इंद्रसभा’ या बोलपटांत त्यांची संख्या सत्तरीच्या घरांत गेली! संगीत नाटकांवर पोसलेल्या प्रेक्षकाला त्यांत वावगें वाटलें नाहीं. त्या काळीं चित्रण चालू असतांनाच नटाला गावें लागे आणि साथीदार वाद्यें घेऊन आडोशाला दडून बसत. १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून गाणें आधीं मुद्रित करावयाचें आणि त्यावर नटानें ओठ हालवावयाचे, ही रीत रूढ होत गेली. नट आणि कॅमेरा दोघेहि मोकळे झाले. पण वाटेल तेथें संगीत पेरण्याचा मोहहि वाढला.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. पडद्यावरील पात्र गातें किंवा तबकडी लावतें, तें संगीत कथेंतील माणसांनाहि ऐकूं येतें. पार्श्वसंगीत मात्र केवळ आपल्यासाठीं असतें. आतां हळहळा, आतां भ्या, असें तें आपल्या कानांत कुजबुजत राहतें. तें सुंदर असूं शकतें. पण निर्णय आपल्या आधीं तेंच देऊन टाकतें.

प्रभातच्या ‘कुंकू’ या १९३७ सालच्या बोलपटांत दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीं हा सल्लागारच दूर केला. संगीत केशवराव भोळे यांच्यासारख्या जाणत्याकडे होतें, गाणींहि होतीं. परंतु पार्श्वसंगीत नव्हतें. वृद्ध वकील काकासाहेबांशीं फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्यांना पति मानावयास नकार देते, ही ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली कथा. शांता आपटे यांची नीरा बोलते, तेव्हां तिच्या शब्दांना सारंगीचा टेकू नसतो. ती गप्प होते, तेव्हां घरांतली स्तब्धता आपल्याला सोसावी लागते. अशा स्तब्धतेंत भिंतीवरच्या घड्याळासारखी साधी वस्तूहि त्या म्हाताऱ्याच्या सरत्या आयुष्याची साक्षीदार होते.

याचा परिणाम काय झाला? नीरेची कींव करा, असें कोणींच सांगत नसल्यामुळें तिचा प्रश्न न्यायाचा प्रश्न म्हणून प्रेक्षकापुढें उभा राहिला. घरोघर विषम विवाह होत असलेल्या समाजाला तो टाळतां येण्याजोगा नव्हता.

याचा अर्थ पार्श्वसंगीत त्याज्य आहे, असा नव्हे. जेथें शब्द आणि मुद्रा थांबतात, तेथून पुढें त्यानें आपल्याला न्यावें. त्यांच्या उणिवा झांकूं नयेत. पुढील बोलपट पाहतांना डोळे पाणावले, तर क्षणभर स्वतःला विचारावें: हें त्या पात्राच्या दुःखानें झालें, कीं केवळ व्हायोलिनानें?