तर आणि तारण

निवृत्तीनंतर मी शिळफाट्याला बिऱ्हाड केलं तेव्हा मित्रांनी विचारलं, 'रायगड जिल्ह्यातच राहायचं होतं, तर समुद्रकाठ सोडून घाटाच्या पायथ्याशी कशाला?' मी हवापाण्याचं काहीतरी कारण सांगितलं. खरं कारण एका फायलीत होतं. ती फाईल केव्हाच रद्दीत गेली असेल, पण तिच्यातली एक ओळ माझ्या हातची होती आणि ती अजून पुसली गेलेली नाही.

खरं तर शिळफाट्यालाही बोटीचं वावडं नाही. आगगाडी येण्याआधी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की पनवेलपर्यंत पाण्यातून यायचा आणि तिथून चौक, खोपोली करत घाट चढायचा. भोर घाटातला गाडीरस्ता १८३० साली मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी खुला केला. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८६३ साली लोहमार्ग घाट चढला आणि पनवेलच्या गलबतांचे उतारू गेले. नवी वाट झाली की जुन्या वाटेवरच्या माणसाचं काय होतं, हे या रस्त्यानं फार पूर्वीच पाहिलं आहे. आजही एक रस्ता खोपोलीहून पेणकडे उतरतो. तो धरला की वडखळ, धरमतर, पोयनाड आणि मग रेवस. तिथं जमीन संपते आणि समोर पाण्यापलीकडे करंजा दिसतं.

१९८७ साली माझी बदली अलिबाग तालुक्यातल्या एका शाखेत झाली. घरची माणसं उरणला होती. शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक आटोपून मी रेवसला जायचो आणि करंज्याची लाँच पकडायचो. खाडी पार करायला पंधरा-वीस मिनिटं. तेच एस.टी.नं जायचं तर अलिबाग, पेण, पनवेल, उरण असा चार तालुक्यांचा वळसा.

तरीच्या धंद्याचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलेलं असतं, पण ठरतं चंद्रावर. नाखवा मला हिशेब शिकवायचा. तिथीला पाऊणनं गुणायचं की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. बँकेतल्या चक्रवाढ व्याजाहून हे गणित सोपं आणि जास्त भरवशाचं. उधाणाला पाणी धक्क्याच्या पायऱ्या गिळतं आणि ओहोटीला इतकं मागं जातं की लाँचचा तळ चिखलाला लागतो. रेवसच्या गाळाचं दुखणं जुनंच आहे. मग खलाशी बांबू घेऊन उभा राहतो, तांडेल सुकाणू धरून शिव्या घालतो आणि उतारू घड्याळं बघतात.

लाँचवर तिघंचौघं. तांडेल, मशीनवर ड्रायव्हर, एक-दोन खलाशी. काळ्या धुरात आणि डिझेलच्या वासात दिवसाच्या दहा-बारा खेपा. आणि माल किती तऱ्हेचा! सुक्या बोंबलांचे भारे, तांदळाची पोती, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, उलट्या टांगलेल्या कोंबड्या, सायकली. पलीकडून येताना कापडाचे गठ्ठे, औषधांची खोकी, मशीनचे सुटे भाग. एकदा वरात होती, नवरदेवाच्या मुंडावळ्या वाऱ्यानं उडत होत्या. एकदा पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं माणूस होतं. त्या खेपेला नाखव्यानं कुणाकडूनच तिकीट घेतलं नाही.

रेवसच्या धक्क्यावर दोन माणसं बोलत बसली की तिसरं वाक्य 'रामदास'चं येतं. १७ जुलै १९४७ची सकाळ. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, आषाढातली अवस तोंडावर. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती आगबोट वाटेतच वादळात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईला बातमी कळली ती पोहत किनारा गाठलेल्या माणसांकडून. त्याआधी, नोव्हेंबर १९२७मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. बोटींना संतांची नावं देणारी ती स्वदेशी कंपनी. लोक तिला जिव्हाळ्यानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. परक्या कंपनीला टक्कर द्यायला लोकांनी आपली म्हणून वाढवलेली कंपनी आणि आपल्याच माणसांना घेऊन बुडालेल्या बोटी. हे दुःख कोकणानं कधी पुरतं बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षी नाखवा माझ्या टेबलासमोर येऊन बसला. धक्क्यावर मोठ्यानं बोलणारा माणूस बँकेत अंग चोरून बसला होता. त्याला नवं मशीन घ्यायचं होतं. जुनं तीनदा उघडून झालं होतं, सुटे भाग मिळेनासे झाले होते. रक्कम साठ हजार. मी अर्ज भरून घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, 'नाखवा, तारण काय देणार?'

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. 'साहेब, रोज दोन-अडीचशे मानसां मी पल्याड सोडतो. आनखी कसला तारन?'

मी हसलो. शाखेतले इतरही हसले. घर भावांच्या सामाईक नावावर होतं, जमीन नव्हती, लाँच जुनी. तरीही मनात आणलं असतं तर वाट काढता आली असती. प्राधान्यक्षेत्रातल्या कर्जाचं उद्दिष्ट आम्हालाही गाठायचंच होतं. पण मी तरुण होतो आणि सावध होतो. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असताना रेवस ते रेड्डी सागरी मार्गाची कल्पना निघाली होती, आणि रेवस-करंजा पुलाची चर्चा तेव्हापासून होती. मी शेरा लिहिला: 'सदर ठिकाणी पूल प्रस्तावित असल्याने व्यवसायाचे भवितव्य अनिश्चित. शिफारस नाही.' खाली सही. वरिष्ठांनी माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं.

पुढच्या श्रावणात मशीन भर खाडीत बंद पडलं. ओहोटीची ओढ होती, लाँच समुद्राकडे वाहत निघाली. चाळीसेक माणसं होती. मी त्यांत नव्हतो, पण माझ्या शाखेचा शिपाई होता. तासाभरानं मासेमारीच्या एका होडीनं दोर टाकून त्यांना ओढून आणलं. कुणी दगावलं नाही. सोमवारी शिपायानं मला सगळं सांगितलं आणि चहाचा कप ठेवून निघून गेला. त्याला त्या फायलीची माहिती होती. दिवाळीपूर्वी नाखव्यानं लाँच विकली आणि दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. त्यानंतरही तो मला हात देऊन बोटीत घ्यायचा. कधी शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी तेहतीस वर्षं नोकरी केली, कादंबऱ्या लिहिल्या, निवृत्त झालो. पूल झाला नाही.

दरम्यान पाण्यावर पुष्कळ काही झालं. १९९६ साली महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड आलं. २००३ साली दाभोळ-धोपावे अशी गाड्या वाहणारी फेरीबोट सुरू झाली. पुढे वेशवी-बागमांडले, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा या खाड्यांतूनही तशा बोटी फिरू लागल्या. त्यांना कोकणी माणूस 'जंगलजेटी' म्हणतो. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो निघाली. मोटारगाडीसकट माणूस पोटात घेणारी, ग्रीसमध्ये बांधलेली बोट. मी तिच्यात बसलो. वातानुकूलित दालनात कॉफी पिताना मनात आलं, अशा बोटीला कर्ज देताना 'पूल प्रस्तावित आहे' असं कुणी लिहीत नसेल. धोका मात्र मोठ्या बोटींच्या युगातही लहान बोटींच्याच वाट्याला आहे. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जीव गेले. त्यानंतर चार दिवस सर्वांना जीवरक्षक जाकिटांची आठवण झाली.

मागच्या हिवाळ्यात मी शिळफाट्याहून रेवसला गेलो. पुलाचं काम आता खरोखर सुरू झालं आहे. माझा शेरा लिहून होऊन साडेतीन दशकं उलटल्यावर! नाखवा आता नाही. धक्क्यावर त्याचा नातू भेटला. लाँचवर तांडेल आहे, कानात मोबाईलची वायर. मी ओळख सांगितली. 'आजा सांगायचा तुमचं,' तो म्हणाला. काय सांगायचा, ते विचारायचा धीर झाला नाही.

लाँच निघाली. दोन मोटारसायकली, कोलीम आणि सोड्यांच्या टोपल्या घेतलेल्या चार बायका, कॉलेजची पोरं. मी विचारलं, 'पूल झाल्यावर काय करणार?'

'बघू. पुलावरून बोंबलाची पाटी घेऊन बाया कशा जातील, त्या सांगा. एस.टी. घेईल त्यांना?' मग थोडं थांबून म्हणाला, 'बँक काय देईल का हो, दुसऱ्या धंद्याला?'

पूल व्हायलाच हवा. रात्रीच्या वेळी अडलेली बाळंतीण भरतीची वाट बघत बसू नये. पण पुलाच्या खर्चात जशी खांबांची, गर्डरची तरतूद असते, तशी चाळीस वर्षं पुलाचं काम करत आलेल्या या दोन-चार बोटींवरच्या माणसांची एखादी ओळ असावी. ती ओळ लिहिणारा अधिकारी आज कुठल्यातरी टेबलाशी बसलेला असेल. तरुण असेल, सावध असेल. त्याला एवढंच सांगायचं आहे की तर, तारू, उतारू आणि तारण हे शब्द एकाच घरातले आहेत. मराठीचा लेखक असून मला ते नोकरीत असताना सुचलं नाही. नाखव्याला मात्र ठाऊक होतं.

करंजाला उतरताना मी पैसे पुढे केले. पोरानं ते घेतले, मोजून सुटे परत दिले आणि पायऱ्यांवर शेवाळ होतं म्हणून हात पुढे केला. पकड आजोबांसारखीच होती.