हळदीचं हळकुंड आणि शाळेतला नियम

भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक येत नाही, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. हळद या नियमाला अजिबात जुमानत नाही.

चिमूटभर हळद थंड पाण्यात ढवळा. पाणी गढूळ होतं आणि थोड्या वेळाने हळद तळाशी बसते. तीच कोमट तेलात घातली, की तेल सोनेरी होतं. हळदीचा पिवळेपणा आहे कर्क्युमिनचा, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. रंग सगळीकडे पसरला, पण रेणू होता तसाच राहिला: २१ कार्बन, २० हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. म्हणजे बदल भौतिक. हळकुंड दळणं हाही भौतिकच. पण दळलेल्या हळदीचं पुन्हा हळकुंड करून दाखवा बरं!

आता वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावा. डाग लाल! साबण अल्कधर्मी असतो. तो कर्क्युमिनमधला हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपाने काढून घेतो. एवढ्याशा चोरीने रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तो वेगळा प्रकाश शोषू लागतो आणि आपल्याला लाल दिसतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, त्यामागेही हेच आहे. पदार्थ नवा झाला, म्हणून बदल रासायनिक. पण त्यावर लिंबू पिळा, आम्ल हायड्रोजन परत देतं आणि पिवळा रंग हजर! रासायनिक असूनही उलटला.

तोच सदरा कडक उन्हात टाकला, की डाग फिकट होत जातो. प्रकाशाने रेणूच मोडतो. मग कितीही लिंबं पिळा, काही उपयोग नाही. हाही रासायनिक.

तेव्हा ‘उलटतं का?’ आणि ‘रंग बदलला का?’ हे दोन्ही प्रश्न मला कामचलाऊ वाटतात. खरा प्रश्न एकच: रेणू तोच राहिला का? अर्थात तो डोळ्यांना दिसत नाही, हीच पंचाईत. कर्क्युमिन १८१५ मध्ये वेगळं काढलं गेलं, पण त्याची रचना उलगडायला १९१० उजाडलं. दरम्यान रसायनशास्त्रज्ञ हळदीत रंगवलेल्या कागदाने अल्क ओळखत होते.

तसा कागद तुम्हीही करा. पांढऱ्या कागदावर हळदीचा लेप वाळवा आणि एका टोकाला खायच्या सोड्याचं पाणी, दुसऱ्याला धुण्याच्या सोड्याचं पाणी लावा. धुण्याच्या सोड्याचा लाल कितीतरी गडद येईल, कारण तो जास्त तीव्र अल्क आहे.