मराठी रॅप
मराठी रॅप हा ठेक्याच्या साथीने सयमक बोल लयीत म्हणण्याचा प्रकार आहे. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास आकाराला आलेल्या हिप-हॉप संस्कृतीत त्याचे मूळ आहे. मुंबईतील ‘स्वदेसी’ या गटातील एमसी मवाली मराठीतून रॅप करतात. गटाचे ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) हे गीत आरे वनातील आदिवासींच्या प्रश्नावर आहे. विदर्भात अमरावतीचे सौरभ अभ्यंकर (हंड्रेड आरबीएच) वऱ्हाडी बोलीतील रॅपमुळे परिचित झाले.

रचना
रॅपचे एक आवर्तन, म्हणजे ‘बार’, चार ठोक्यांचे असते. एका कडव्यात बहुधा सोळा बार येतात. मिनिटाला ९० ठोक्यांची गती धरल्यास असे कडवे सुमारे ४३ सेकंदांत संपते. एवढ्या अवधीत विषय मांडून पूर्ण करणे हीच नवोदिताची पहिली कसोटी होय. यमक केवळ ओळीअखेरीस न येता ओळीच्या पोटातही येते. पोवाडा आणि कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब यांच्याशी रॅपचे साम्य सांगितले जाते, ते सादरीकरणापुरते खरे आहे. वंशपरंपरा मात्र वेगळी.

बोलीचा प्रश्न
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत झाडीबोली बोलली जाते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास केला. दंडार व खडी गंमत या तिथल्या लोककलांत ही बोली वावरते. शाळेत मात्र ती ‘अशुद्ध’ ठरते, आणि हौशी तरुण बहुधा हिंदीकडे वळतो. वस्तुतः बोलीत यमकाची सोय अधिक आहे. झाडीबोलीत ‘ण’चा उच्चार ‘न’ होतो. त्यामुळे प्रमाण भाषेत सदोष ठरणारे ‘पाणी–मानी’ हे यमक ‘पानी–मानी’ असे निर्दोष जुळते.

ध्वनिमुद्रण व हक्क
भ्रमणध्वनी, इअरफोन आणि आंतरजालावरील तयार ठेका (बीट) एवढ्यावर प्रारंभ होतो. विनामूल्य म्हणून मिळणारे अनेक ठेके केवळ अव्यावसायिक वापरासाठी असतात. अशा ठेक्यावरील गीतातून उत्पन्न घेतल्यास निर्माता हक्क सांगू शकतो आणि गीत काढून टाकले जाऊ शकते. स्वतः लिहिलेल्या शब्दांचा हक्क भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार कवीकडेच राहतो. त्यासाठी नोंदणी अनिवार्य नाही. ठेका विकत घेताना परवान्याची प्रत जपून ठेवणे इष्ट असते.

आशयामुळे उद्भवणारे प्रश्न वेगळे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय टीका करणाऱ्या मराठी रॅपगीतांवरून राज्यात दोन तरुणांविरुद्ध गुन्हे नोंदवले गेले.